शाळेतील प्रत्येक मूल रोज खेळते राहावे यासाठी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत. यांपैकी शाळेत किती घडते, हे वेळापत्रकावरून कळत नाही. त्यासाठी शारीरिक शिक्षणाच्या एका तासिकेत खेळात मागे राहणाऱ्या एखाद्या मुलाकडे त्याच्या नकळत लक्ष ठेवावे आणि ते प्रत्यक्ष किती मिनिटे धावते व किती वेळ रांगेत उभे राहते, हे घड्याळ लावून मोजावे.

बहुतेकदा दोष मुलात नसून खेळाच्या रचनेत असतो. बाद झालेल्याने बाहेर बसायचे, या नियमामुळे ज्याला हालचालीची सर्वाधिक गरज आहे तेच मूल सर्वांत आधी बसते. म्हणून बाद झालेला खेळाडू लगेच दुसऱ्या बाजूने परत खेळात येईल, असा नियम करावा. संपूर्ण वर्गाला एकच चेंडू देण्याऐवजी पाच-सहा जणांचे गट करावेत, आणि चेंडू पुरेसे नसतील तर काही गटांना दोरीउड्या किंवा शिवाशिवी द्यावी. संघ शिक्षकांनीच पाडावेत. सर्वांत शेवटी निवडले जाण्याचा अपमान मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत आणि मैदानच टाळू लागतात.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये रोज १५ मिनिटे आपापल्या गतीने धावण्याचा किंवा चालण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे ‘डेली माईल’ या नावाने तो अनेक देशांत पोहोचला. त्यात स्पर्धा नाही, कपडे बदलावे लागत नाहीत आणि साहित्यही लागत नाही, त्यामुळे कोणत्याही शाळेने सुरुवात येथूनच करावी, असे मला वाटते. दमा असलेल्या मुलांना वगळू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांचा इनहेलर जवळ ठेवावा.

मैदानाच्या फेऱ्या आणि उठाबशा शिक्षा म्हणून कधीही देऊ नयेत, तसेच गृहपाठ राहिला म्हणून मधली सुट्टी हिरावून घेऊ नये. वजन घ्यायचेच असेल तर ते एकांतात घ्यावे, आकडा वर्गात उच्चारू नये आणि वय, लिंग व उंचीनुसार त्याचा अर्थ लावण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. केवळ व्यायामाने वजनात पडणारा फरक मर्यादित असतो, म्हणून उपाहारगृहातील साखरयुक्त पेयेही याच वेळी बंद करावीत.