मुंबईत चित्रकार म्हणून राहायचंय? मग लॉकडाऊनचं ऐकून घ्या

आर्ट स्कूलमधून बाहेर पडून मुंबईतच राहायचं आणि चित्रांवरच जगायचं असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मार्च २०२० ला सगळं बंद झालं तेव्हा कळलं की आपल्यातले बरेचजण चित्रं विकून जगतच नव्हते, घर चालायचं ते क्लासवर, सेटच्या कामांवर, भिंती रंगवण्यावर नाहीतर गणपतीच्या सीझनवर, आणि ते सगळं एकदमच थांबलं. जहांगीर आर्ट गॅलरी बंद, बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढणारेही दिसेनात. जहांगीरमध्ये प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं जातात, ज्यांची नेमकी तेव्हाच आली त्यांच्या फ्रेमचे पैसे अडकले ते अडकलेच. त्यात सरकारने सार्वजनिक गणपती ४ फूट आणि घरचा २ फूट अशी मर्यादा घातली, मग लालबाग-परळच्या कारखान्यांत उंच मूर्तींवर राबणाऱ्या पोरांना काम कुठून मिळणार?

लोकल तर सगळ्यांसाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाली. मी डोंबिवलीचा, वन बीएचके, घरात माणसं चोवीस तास, त्यात ऑइल पेंटला लागणाऱ्या टर्पेंटाइनचा वास! ऑइल गुंडाळून ठेवलं आणि जलरंगात छोट्या कागदांवर आलो. नाइलाजानेच, पण विकली गेली ती हीच, कारण कुरियरने जातात आणि घेणाऱ्यालाही परवडतात. म्हणून सांगतो, मोठे कॅनव्हास जरूर करा पण छोटं काम कमी दर्जाचं समजू नका (गॅलरीवाले नाक मुरडतात, मुरडू दे).

तेव्हा ब्रिटनमध्ये मॅथ्यू बरोज नावाच्या चित्रकाराने इन्स्टावर एक भारी गोष्ट चालू केली, चित्र २०० पाउंडच्या आत विकायचं आणि १००० पाउंड जमले की त्यातले २०० दुसऱ्या कलाकाराच्या चित्रावर खर्च करायचे. आपल्या मित्रमंडळींत असं करायला कोणाची परवानगी लागत नाही.

ऑनलाइन क्लास अजूनही चालतो. फोन वरच्या बाजूने सरळ कागदावर रोखलेला पाहिजे, तोंड दाखवत बसू नका, पोरांना हात बघायचा असतो. चित्राचे फोटो खिडकीजवळ दिवसा काढा, फ्लॅश नको, साइज लिहाच. आणि फी महिन्याच्या सुरुवातीला घ्या, ओळखीच्यांकडून तर आधी घ्या.