समुद्रतळाचे सूक्ष्मजीवाश्म अभ्यासताना या चुका टाळा

फोरामिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांच्या कवचातला ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचा जड प्रकार) वाढला की ‘समुद्र थंड झाला’ असे लिहून मोकळे होणे, ही या अभ्यासातली सर्वांत महागडी चूक. पाणी चार-साडेचार अंशांनी थंडावले की फोरामिनिफेराच्या कवचात ऑक्सिजन-18 दर हजारी साधारण एकने वाढतो, हे खरेच. पण जमिनीवर बर्फ साठला तरीही तो वाढतो. हलका ऑक्सिजन-16 बर्फात अडकून पडतो आणि समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजनचा वाटा वाढतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक निकोलस शॅकलटन यांनी 1967 मध्येच दाखवून दिले होते की हिमयुगांच्या नोंदीत मोठा वाटा तापमानाचा नसून बर्फाचा आहे.

सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वी, इओसीन हा भूवैज्ञानिक कालखंड संपून ऑलिगोसीन सुरू होताना, तळवासी फोरामिनिफेरामध्ये दर हजारी एकाहून मोठी वाढ दिसते. ती सगळी थंडीच्या नावावर टाकली, तर अंटार्क्टिकावर तेव्हा साठलेल्या बर्फाला हिशेबात जागाच उरत नाही.

मग कवचातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तराने (पाणी उबदार, तर मॅग्नेशियम जास्त) तापमान वेगळे काढू, असे वाटते. वाट योग्य आहे, पण डोळे झाकून चालू नका. कवचाला चिकटलेली चिकणमाती नीट धुतली नाही, तर मॅग्नेशियम फुगते आणि समुद्र उगाच उबदार दिसतो. शिवाय नेमक्या याच काळात खोल पाण्यातले कार्बोनेट वाढले. त्यामुळेही कवचातले मॅग्नेशियम वाढते आणि खरी थंडी झाकली जाते. म्हणून मला एकट्या मॅग्नेशियमचा आकडा पुरेसा वाटत नाही.

समुद्राच्या खोल प्रवाहांचा माग काढण्यासाठी कवचातला कार्बन-13 (कार्बनचा जड प्रकार) पाहताना प्रजातींची सरमिसळ करू नका. फोरामिनिफेरांपैकी सिबिसिडॉइडीस गाळाच्या पृष्ठभागावर राहतो, युव्हिजेरिना गाळाच्या आत. तिथे सेंद्रिय पदार्थ कुजत असल्याने कार्बन-13 मुळातच कमी असतो. वरच्या थरात एक प्रजाती आणि खालच्यात दुसरी मोजली, तर न झालेला प्रवाहबदल आलेखात उमटतो. तो बदल खराच झाला का, हे माशांच्या जीवाश्म दातांतल्या निओडिमियम या धातूवरून पडताळता येते: अटलांटिक आणि पॅसिफिकच्या पाण्यात त्याच्या समस्थानिकांची (हलक्या-जड प्रकारांची) प्रमाणे वेगळी असतात.

कवच सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे पारदर्शक दिसते की दुधाळ, हे मोजणीआधी पाहा. उष्ण कटिबंधाच्या पृष्ठभागावर वाढलेले कवच थंड तळावर पुन्हा स्फटिकीभूत झाले, तर त्यात तळाची थंडी शिरते. टांझानियाच्या चिकणमातीत जपली गेलेली पारदर्शक कवचे हाती आल्यावर इओसीनमधला तिथला समुद्र पूर्वीच्या अंदाजापेक्षा बराच उबदार निघाला.

गाळातले किडे वरचे सुमारे 10 सेंटिमीटर ढवळतात. हजार वर्षांत 2 सेंटिमीटर गाळ साचत असेल, तर सुमारे 5,000 वर्षे एकमेकांत मिसळतात. अशा ठिकाणी शतकांतले बदल शोधू नका. त्यासाठी गाळ वेगाने साचणारी जागा निवडा.