जर्मन पासपोर्ट घ्यायचा की नाही, हे कसं ठरवाल

मी नागपुरात नागरिकशास्त्र शिकवत असे. माझे जुने विद्यार्थी आता म्युनिक, स्टुटगार्टहून विचारतात, "मॅडम, जर्मन पासपोर्ट घेऊ का?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी 'दोन्ही ठेवू' हा विचार काढून टाका. २७ जून २०२४पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. पाच वर्षांचं वास्तव्य आणि बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा असली की साधारणपणे अर्ज करता येतो. पण आपल्या १९५५च्या कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे. स्वतःहून परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं.

मग आईवडिलांसोबत बसून काय जातं ते लिहून काढा. काटोलची संत्र्याची बाग जात नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात येऊन राहू देणाऱ्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. मत जातं. अनिवासी भारतीयाला फॉर्म ६-ए भरून मतदार होता येतं, पण मतदानाला स्वतः केंद्रावर यावं लागतं. तुम्ही येता का? येत असाल, तर हे नुकसान मोठं समजा.

आता खरा प्रश्न. अमेरिकन राजकीय विचारवंत मायकेल वॉल्झर म्हणतो, जे लोक इथे राबतात, इथले कायदे पाळतात, त्यांना कायमचं निर्णयाबाहेर ठेवणं ही जुलूमशाही आहे. मला हे पूर्ण पटतं. तुमचं घरभाडं, कर, मुलांची शाळा यांचे नियम तिथे ठरतात आणि कायम वास्तव्याच्या परवान्यावर तुम्हाला नगरपालिकेचंही मत नाही. दोन जर्मन राज्यांनी परदेशी रहिवाशांना स्थानिक मताधिकार दिला होता. १९९०मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. नागरिकत्वाचा अभ्यासक राइनर बाउबोक याच्या मते, ज्याचं भलंबुरं एखाद्या समाजाच्या भवितव्याशी बांधलेलं आहे, त्याचा तिथे हक्क असतो. असा हक्क दोन देशांत असू शकतो. आपला कायदा ते मानत नाही. मानायला हवं, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट घरात कोणी बोलत नाही. साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात, तर कायम वास्तव्याचा परवाना रद्द होऊ शकतो. नागपुरात वडील अंथरुणाला खिळले तर? जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय हातात असेल, तर त्यांच्याजवळ हवं तितकं थांबता येतं.

घ्यायचं ठरलं, तर भारतीय पासपोर्टवर पुन्हा प्रवास करू नका. आधी तो भारतीय वकिलातीत जमा करून तसं प्रमाणपत्र घ्या, मग ओसीआयचा अर्ज करा. इथल्या मतदार यादीतलं नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ भरा.