शाळेतल्या मुलांची विज्ञान-तंत्रज्ञान स्पर्धा घेताय? आधी परीक्षकांची बैठक लावा

गेल्या वेळी ६० प्रोजेक्टची इनोव्हेशन स्पर्धा घेतली आणि निकालात माती खाल्ली. बाकी सगळं झक्कास होतं. सहा परीक्षक, दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीला एक रांग म्हणजे २० प्रोजेक्ट. एका जोडीचा हात सैल, ५० पैकी ४० च्या खाली कोणाला उतरूच दिलं नाही. दुसरी जोडी कडक, ३५ च्या वर कोणी चढलंच नाही. आम्ही शहाण्यांनी आकडे तसेच एका शीटमध्ये भरले, सॉर्ट मारला आणि पहिले तिन्ही नंबर एकाच रांगेतले निघाले. बक्षिसं वाटून झाल्यावर आठवीतली एक मुलगी येऊन विचारते, आमच्या अख्ख्या रांगेत एकालाही काहीच कसं नाही? मी काहीतरी पुटपुटलो. म्हणून ही यादी.

तारीख, हॉल, टेबलं, माईक, बॅनर हे कोणी विसरत नाही, पुढे चला.

नियम एका पानात बसवा. टीममध्ये जास्तीत जास्त तिघं, नाहीतर एक बनवतो आणि पाच जण शेजारी उभे राहतात. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न ठेवा: अडचण कोणाची सोडवताय, आधी असलेल्या उपायापेक्षा वेगळं काय केलंत, आणि मदत कोणी केली. शेवटचा प्रश्न ठेवाच. मोठ्यांनी मदत करायला काहीच हरकत नाही, पण ती लिहिलेली हवी. तारखा टाकलेली कामाची वही सक्तीची करा, खाडाखोड असलेली चालेल, किंबहुना तीच खरी. स्पर्धेच्या आदल्या रात्री एका पेनाने लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

सुरक्षेचं मात्र, फॉर्म आला की लगेच बघायचं, स्पर्धेच्या सकाळी नाही. घरी बॅक्टेरिया वाढवले असतील तर सरळ नाही म्हणा, मोठ्या स्पर्धांतही ते बंदच आहे. माणसांवर काही ट्राय करणार असतील, अगदी साधा सर्व्हे असला तरी, परवानगी आधी घ्यायची, झाल्यावर घेतलेली परवानगी नसतेच. फुगलेले लिथियम सेल दारातूनच परत.

आता मुद्द्याचं. परीक्षकांची बैठक. स्पर्धेच्या दिवशी चहा पिता पिता पाच मिनिटं नाही, नीट तासभराची बैठक. त्यात सगळ्यांनी तेच दोन प्रोजेक्ट बघायचे (जुन्या प्रोजेक्टचा व्हिडिओही चालतो), एकमेकांशी न बोलता मार्क द्यायचे आणि मग कागद उलटे करून टेबलावर ठेवायचे. एकाचे ४४ आणि दुसऱ्याचे २७ निघतात, हमखास निघतात, मग बोला की १० पैकी ८ म्हणजे नक्की काय. हे केलं नाहीत तर पुढचं सगळं वाया आहे.

मार्कांचे रकानेही याच बैठकीत समजावा. आयसेफ ही १९५० साली सुरू झालेली शाळकरी मुलांची मोठी स्पर्धा, तिथे इंजिनिअरिंग प्रोजेक्टला १०० पैकी प्रश्नाच्या मांडणीला १०, डिझाईन आणि पद्धतीला १५, प्रत्यक्ष बनवून तपासण्याला २०, कल्पकतेला २० आणि सादरीकरणाला ३५ आहेत, त्या ३५ मधले पोस्टरला फक्त १०, मुलाखतीला २५. म्हणजे चकचकीत पोस्टरवर भाळू नका हे आकड्यातच सांगितलंय. मुलाखतीत पाठ केलेलं भाषण दोन मिनिटांनी थांबवा आणि विचारा, ही वायर काढली तर काय होईल? काय केलं होतं जे चाललं नाही? रेडिमेड किट आणून जोडलेलं असेल तर इथेच गाडी अडते.

परीक्षक किती लागतील याचा हिशोब करा, अंदाज नको. ६० प्रोजेक्ट, प्रत्येकाला तीन वेगवेगळे परीक्षक, म्हणजे १८० भेटी. एका भेटीला १० मिनिटं धरली तर तीन तासांत कागदावर एक जण १८ करतो, खरं म्हणजे १५, कारण चालणं, मार्क लिहिणं, पाणी पिणं. म्हणजे १२ परीक्षक. आमच्याकडे सहा होते, हसू नका.

आणि रांगेप्रमाणे वाटायचं नाही!! चिठ्ठ्या टाकून मिसळा, म्हणजे सैल हात आणि कडक हात सगळ्यांच्या वाट्याला येतात. तरी फरक राहतोच, मग प्रत्येक परीक्षकाच्या मार्कांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा आणि त्यावरून क्रम लावा. हे मिसळून वाटलं असेल तरच खरं ठरतं, रांगा वाटल्या असतील तर एखादी रांग खरंच चांगली होती का हे कळायला मार्ग नाही. कोणाचं पोर किंवा विद्यार्थी स्पर्धेत असेल तर तो प्रोजेक्ट त्या परीक्षकाकडे जाता कामा नये. हे विचारायचं कुठे? बैठकीत.

हॉलमधली गंमत वेगळीच. सोलरवाल्यांना खिडकी किंवा अंगण द्या, ट्यूबलाइटखाली त्यांचं मॉडेल मेलेलं दिसतं. एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल (मोबाइलवरून मॉडेल चालवायला जोडतात तो छोटा बोर्ड) सगळ्यांचं त्याच नावाने दिसतं, पिनही बहुतेक १२३४, त्यामुळे एकाच्या मोबाइलने दुसऱ्याची गाडी पळते, नावं घरूनच बदलून यायला सांगा. अल्ट्रासॉनिक सेन्सर (ऐकू न येणाऱ्या आवाजाने अंतर मोजणारे) बहुतेक ४० किलोहर्ट्झवरचे, म्हणून एकाचा आवाज दुसऱ्याला आपलाच वाटतो, दोन स्मार्ट डस्टबिन समोरासमोर ठेवले की झाकणं आपोआप नाचायला लागतात. वायफायच्या भरवशावर कोणाला ठेवू नका, चालतानाचा व्हिडिओ जवळ हवा. हीटर किंवा मोटरवाले फॉर्मवर वॅट लिहितील, त्यांचे प्लग वेगवेगळ्या लाइनवर, एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडायचं नाही.

निकालाआधी अर्धा तास परीक्षकांना बंद खोलीत द्या, वरचे दहा प्रोजेक्ट त्यांनी पुन्हा मिळून बघू देत. पाहुण्यांना घाई असते, असू दे, आम्ही त्यांच्या घाईपायी हेच कापलं होतं.

उरलेलं पटापट. सर्टिफिकेटवरची नावं मुलांकडूनच तपासून घ्या. फोटोसाठी पालकांची सही. बक्षीस मिळो न मिळो, प्रत्येक टीमला दोन ओळींचा लेखी अभिप्राय, एक काय आवडलं, एक पुढे काय करा. एक्स्टेंशन बोर्ड मोजून परत घ्या.

आणि हो, बैठकीची तारीख परीक्षकांना कळवली? "बघू, त्या दिवशी लवकर बोलावू" असं म्हणत असाल तर आम्हीही तेच म्हटलं होतं.