पत्रिकेत हस्ताक्षरी फॉन्ट: ‘कलम’ कुठे वापरायचा, कसा बसवायचा

हस्ताक्षरासारखा फॉन्ट साखरपुड्याच्या पत्रिकेत दोनच ठिकाणी शोभतो: नावं आणि आग्रहाची एखादी ओळ. मुहूर्त आणि हॉलचा पत्ताही त्यातच टाकला, तर दादरला उतरलेले काका मोबाइल डोळ्यांजवळ धरून अक्षरं लावत बसतात. म्हणून नावांना ‘कलम’ घ्या. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन जाडींत मिळतो. बाकी मजकुराला ‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’. दुसरा हस्ताक्षरी फॉन्ट जोडीला नको.

कुठलाही फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात हे टाइप करून बघा: ‘दुसऱ्या तऱ्हेची श्रद्धा, ॲड. ज्ञानेश्वर लक्ष्मण’. ऱ्या तुटला किंवा ॲच्या जागी चौकोन आला, तर फॉन्ट बाद. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले, तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडा. काही फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण ते तेव्हाच उमटतं. प्रेसकडून श्रीलिपीतला (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला) मजकूर आला असेल, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेस, टाइप इथे इंडिक ऑप्शन्स सुरू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा. अक्षरं एकमेकांपासून दूर केली की शिरोरेषा तुटते. ३६ पॉइंटच्या नावांना ५० ते ५४ पॉइंट लीडिंग (ओळीपासून ओळीचं अंतर) द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

आता खरी मेहनत. ‘अनघा’ आणि ‘अमेय’, दोन्ही अ हुबेहूब सारखे दिसले की हाताने लिहिल्याचा आव उघडा पडतो. मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा (आउटलाइननंतर अक्षरांचे नुसते आकार उरतात, शुद्धलेखन सुधारता येत नाही) आणि मग क्रिएट आउटलाइन्स करा. डायरेक्ट सिलेक्शनने एका अच्या कान्याचं टोक मिलिमीटरभर खाली ओढा, तेवढं पुरे. अक्षर फिरवू मात्र नका, शिरोरेषेला पायरी पडते. शेवटी पाथफाइंडरमधून युनाइट करा, म्हणजे अक्षरं एकसंध जोडली जातात. ते राहिलं तर व्हिनाइल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) कापणारं मशीन प्रत्येक अक्षर वेगळं कापतं आणि शिरोरेषेवर चिरा पडतात.

मरून कार्डावर सोनेरी फॉइल हवी असेल, तर लाइट टाळा. बारीक रेघ धड उमटत नाही. अशा कामाला बोल्डच.

हाच फॉन्ट दुकानाच्या पाटीवर? बेकरी, फुलवाला, डबेवाली ताई यांना चालेल, दवाखान्याला नाही. पाटीवर इंग्रजीही असेल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर देवनागरी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. तेव्हा आधी मराठी नाव बसवा आणि उरलेल्या जागेत इंग्रजी.