समुद्रावर गुन्हा झाला तर केस कोर्टात टिकवायची कशी: सातारा-सांगलीच्या मर्चंट नेव्हीवाल्या घरांसाठी

आपल्याकडं समुद्र नाही, पण कराड, तासगाव, कोरेगाव, मिरज कुठंही विचारा, एखादं तरी पोरगं शिपवर असतंच, आणि घरच्यांना एवढंच माहीत असतं की "तो बोटीवर आहे, नऊ महिन्यांनी येणार". टीव्हीवर नेव्हीनं चाचे पकडल्याची बातमी आली की आपण टाळ्या वाजवतो, पण पकडल्यावर पुढं कोर्टात काय होतं ते कुणी बघत नाही आणि खरी गडबड तिथंच होते.

अलोंड्रा रेनबोची केस बघा. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन निघालेलं हे जपानी मालकाचं जहाज चाच्यांनी पळवलं, खलाशांना छोट्या तराफ्यात घालून समुद्रात सोडून दिलं (थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं), जहाजाला नवा रंग दिला आणि नाव बदलून मेगा रामा केलं. आपल्या कोस्ट गार्डनं आणि नेव्हीनं पाठलाग करून ते धरलं, आरोपी मुंबईला आणले, २००३ ला सेशन्स कोर्टानं सात वर्षांची शिक्षा दिली आणि २००५ ला हायकोर्टात सगळे सुटले. तेव्हा आपल्याकडं चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच नव्हता, आयपीसी आणि इंग्रजांच्या काळातले जुने कायदे यांच्यावरच काम भागवायचं. पुढं २०११ मध्ये नेव्हीनं शंभरावर सोमाली चाचे पकडले, त्यांना शिक्षा व्हायला २०१७ उजाडलं.

आता कायदा आहे. मेरिटाइम अँटी पायरसी ॲक्ट, २०२२, डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत पास झाला. चाचेगिरीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, कुणाचा जीव गेला तर फाशीसुद्धा, खटला केंद्रानं हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींशी बोलून ठरवलेल्या सेशन्स कोर्टात. मार्च २०२४ मध्ये एमव्ही रुएन जहाजावरून ३५ चाचे धरून मुंबईला आणले, ते याच कायद्याखाली. पण कायदा आला म्हणून केस आपोआप टिकत नाही, पुरावा आणि साक्षीदार लागतातच, आणि साक्षीदार कोण तर आपलीच पोरं. म्हणून घरी बसून काय काय करता येतं ते लिहितोय.

सगळ्यात आधी, पोरगं जॉइन व्हायच्या आधीच एक वही करा. त्यात जहाजाचा आयएमओ नंबर लिहा, सात आकडी असतो. नाव बदलतं, झेंडा बदलतो, रंग बदलतो, हा नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो, अलोंड्रा रेनबोचं उदाहरण वर दिलंच आहे. त्याखाली जहाज कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे, म्हणजे त्याची नोंद कुठल्या देशात आहे ते (पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स असलंच काहीतरी असतं), पोराचा सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) नंबर, इंडोस (भारतीय खलाशांच्या सरकारी यादीतला) नंबर, पासपोर्ट, कॉन्ट्रॅक्टची कॉपी, एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरती करायचं सरकारी) लायसन्स नंबर. हा शेवटचा नंबर डीजी शिपिंगच्या (जहाजवाहतुकीचं केंद्र सरकारी खातं) वेबसाइटवर स्वतः तपासा, एजंटच्या ऑफिसातल्या फ्रेमवर विश्वास ठेवू नका. ज्याच्याकडं लायसन्सच नाही त्याला एक रुपया देऊ नका, आणि दिलेच असतील तर तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होते, "मुंबईला जावा, आमची हद्द नाही" असं म्हणून परत पाठवता येत नाही, बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे.

गुन्हा झालाच तर पहिला प्रश्न हा की तो कुठं झाला, कारण कायदा त्यावर ठरतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या आत असेल तर त्या देशाचे पोलीस आणि त्या देशाचा कायदा, तिथं लूट झाली तरी आंतरराष्ट्रीय व्याख्येत ती चाचेगिरी होत नाही, सशस्त्र दरोडा होतो. त्याच्या बाहेर खोल समुद्रात दुसऱ्या बोटीतून येऊन हल्ला केला तर ती चाचेगिरी, आणि १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराप्रमाणं कुठलाही देश त्यांना पकडून स्वतःच्या कोर्टात उभं करू शकतो. आणि जहाजावरच्याच माणसानं दुसऱ्याला मारलं, तर मुख्य अधिकार झेंडा ज्या देशाचा त्याचा. म्हणून झेंडा वहीत हवा. पोरगं बेपत्ता झालं म्हणून घरचे जिल्ह्यातल्या ऑफिसांचे उंबरे झिजवत राहतात आणि तिकडं पनामाला साधा मेलसुद्धा गेलेला नसतो, असं होऊ देऊ नका. कंपनी, डीजी शिपिंग, परराष्ट्र मंत्रालय आणि झेंड्याचा देश, चौघांनाही त्याच दिवशी लेखी कळवा.

आता पुरावा, इथं जरा सविस्तर लिहितो. शिपवरून रात्री अडीचला व्हॉइस नोट येते, "आई, बोटीवर माणसं चढल्यात, आम्ही आत लपलोय". आई घाबरून ती फॅमिली ग्रुपवर टाकते, तिथून ती गावभर फिरते, चार महिन्यांनी दिवाळीला फोन एक्सचेंजमध्ये जातो आणि मूळ नोट गेली. फॉरवर्ड झालेल्या कॉपीवर वकील लगेच शंका घेतो. तो फोन जपा, विकू नका, रीसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं सर्टिफिकेट लागतं, ते वकिलाकडून वेळेत करून घ्या. आणि वेळ लिहिताना भारतातली की जहाजावरची ते लिहा, जहाजाच्या लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपल्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक पडतो आणि तेवढ्यावरून साक्षीदाराला खोटं पाडतात.

पोरांना शिपवर जायच्या आधी हे सांगा: ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं) व्हीडीआर म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स असतो, त्यात बोलणं, रडार सगळं रेकॉर्ड होतं, पण जुनं पुसून त्यावर नवीन चढत राहतं, म्हणून घटना झाली की कॅप्टनला सांगून लगेच सेव्ह करून घ्यायचं. जिथं काही घडलं तिथं पाय ठेवायच्या आधी फोटो, आणि रक्त लागलेला किंवा ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, तो आत कुजतो, कागदात गुंडाळायचा. शस्त्र सापडलं तर हात न लावता जागेसकट फोटो. चाचेगिरीच्या नव्या कायद्यात आरोपीकडं शस्त्र सापडलं आणि ते त्या हल्ल्यात वापरलं असावं असं मानायला जागा असली, तर निर्दोष असल्याचं आरोपीलाच दाखवावं लागतं, म्हणून शस्त्र कुठून कुणाच्या हातातून कुणाकडं गेलं याची नोंद सोन्यासारखी आहे.

साक्ष द्यायला पोरं कचरतात, कारण तारीख लागते तेव्हा ती ब्राझीलच्या वाटेवर असतात आणि कॉन्ट्रॅक्ट तुटायची भीती असते. घरी आल्यावर मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवून घ्यायला सांगा (बीएनएसएस कलम १८३) आणि पुढच्या तारखेला व्हिडिओ कॉन्फरन्सनं साक्ष द्यायची परवानगी मागा, आता तशी सोय आहे.

पोरगं चाच्यांच्या ताब्यात असेल तर पगार थांबत नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये २०१८ ला झालेली सुधारणा डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ओलीस असेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट चालू आणि पगार चालू. ॲस्फाल्ट व्हेंचरच्या घरच्यांनी काय भोगलं ते आठवतं, २०१० ला धरलेलं जहाज, खंडणी देऊनही सात भारतीयांना चाच्यांनी अडकवून ठेवलं कारण आपण त्यांची माणसं जेलमध्ये टाकली होती, ते सुटले ऑक्टोबर २०१४ ला. आपल्या कोर्टातल्या खटल्याची किंमत खलाशी भरतो, म्हणून खटला चालवणाऱ्यांनी ओलिसांचाही विचार करायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

आणि उलटंही होतं. २०२२ मध्ये हिरोइक इडुन टँकरवर १६ भारतीय होते, आधी इक्वेटोरियल गिनीत आणि मग नायजेरियात अडकले, तेल चोरीचा आरोप, मे २०२३ ला सुटले. म्हणजे दुसऱ्या देशाचं कोर्टसुद्धा चांगलं चालावं यात आपला फायदा आहे, तिथं वकील, दुभाषी, आपल्या दूतावासाची भेट या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून मागा.

शेवटचं काम खासदाराचं. आपले खासदार साखर कारखान्यावर प्रश्न विचारतात तसे यावरही विचारू शकतात, फक्त आपण लिहून द्यायला हवं. पत्रात मोजकं लिहा: चाचेगिरी कायद्याखाली महाराष्ट्रात कुठलं कोर्ट नेमलंय, किती खटले किती वर्षं चालू आहेत, सोमाली भाषेचे दुभाषी किती, परदेशी खलाशी साक्षीदारांना बोलावण्याचा खर्च कोण करतं. हेच प्रश्न आरटीआयमध्ये परराष्ट्र मंत्रालयाला ऑनलाइन टाकता येतात, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील त्याच पोर्टलवर करा आणि अर्जाचा रजिस्ट्रेशन नंबर त्याच वहीत लिहून ठेवा.