एबीजीसाठी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीसाठी) रक्त काढताना

आयसीयूत नवीन आलेल्या सिस्टरला मी आधी सुई देतच नाही, नाडी शोधायला लावते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला रेडियल धमनी. जानेवारीत निफाडकडच्या पेशंटचे हात इतके गारठलेले असतात की नाडी बोटाला लागतच नाही. हात गरम करून घ्या.

मग ॲलन टेस्ट, म्हणजे हाताला दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळतं का ते बघणं. मूठ आवळायला सांगून दोन्ही धमन्या (रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर) दाबा, मूठ उघडली की फक्त अल्नर सोडा. पांढरा तळवा लगेच लाल झाला नाही, तर तो हात नको.

हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) सिरिंज, सुईचं तोंड वर, 45 अंशांचा कोन. रक्त आपोआप चढतं. ओढावं लागलं तर शीर लागली असेल. 1 मिली पुरे. नंतर किमान 5 मिनिटं दाबून धरा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर जास्त. "झालं का ताई?" म्हणत नातेवाईक घाई करतात. करू देत.

खरी मेख बुडबुड्यात. हवा राहिली की कार्बन डायऑक्साइड खोटा कमी दिसतो, ऑक्सिजनचा आकडाही बिघडतो. म्हणून हवा लगेच काढा, टोपण लावा, सिरिंज तळव्यांत हलकेच फिरवा आणि अर्ध्या तासाच्या आत मशीनला लावा.

साधारण आकडे: पीएच (रक्ताची आम्लता) 7.35 ते 7.45, कार्बन डायऑक्साइड 35 ते 45, ऑक्सिजन 80 ते 100 (दोन्ही दाब, मिमी पाऱ्यात). नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, त्यामुळे ऑक्सिजन किंचित कमी आला तर लगेच धावाधाव नको. पेशंटला किती ऑक्सिजन चालू होता ते मात्र रिपोर्टवर लिहाच, नाहीतर डॉक्टरांचा फोन आलाच समजा.